दोन जिवांची वाटचाल

गरोदर स्त्रीने किती हिंडावे, किती बसावे, ओझे उचलावे की नाही, आणि हल्लीच्या मुली विचारू लागल्या आहेत त्याप्रमाणे धावावे की नाही, या प्रश्नांना प्रत्येक घरात एक तयार उत्तर असते. अडचण एवढीच की प्रत्येक घरातील उत्तर निराळे असते. ‘आम्ही नवव्या महिन्यापर्यंत लावणी केली, आम्हांला काय झाले?’ असे एक सासूबाई म्हणतात, तर शेजारच्या घरी ‘पहिलटकरीण आहे, तिला उंबरासुद्धा ओलांडू देऊ नका’ अशी ताकीद असते. दोन्ही सल्ले मायेपोटीच दिलेले असतात. परंतु ज्या सल्ल्यावर दोन जीव अवलंबून असतात, तो मायेच्या जोडीला थोडा पारखूनही घेतलेला बरा.

या विषयाचा विचार करू लागलो की आमची दृष्टी माळव्यातील धार आणि देवास या दोन ठिकाणांकडे वळते. अठराव्या शतकात पवार घराण्यातील सरदारांनी तेथे आपली राज्ये वसविली आणि त्यांच्यामागून गेलेली मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या तेथेच राहिली. त्या भूमीत गरोदर स्त्रियांच्या प्रवासाच्या अशा काही कथा घडल्या आहेत की त्यांपुढे आपले उंबऱ्याचे वाद लहान वाटावेत.

त्यांतील पहिली कथा आनंदीबाईंची. ‘ध चा मा’ या लोककथेमुळे राघोबादादांची ही पत्नी प्रत्येक मराठी माणसाला नावाने ठाऊक आहे. ती कथा किती खरी नि किती रचलेली, हा प्रश्न येथे नको. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. त्या वेळी त्यांची पत्नी गंगाबाई गरोदर होती. बारभाईंनी तिला पुरंदर किल्ल्यावर हलविले आणि १८ एप्रिल १७७४ रोजी तेथे सवाई माधवरावांचा जन्म झाला. इकडे राघोबादादा फौजेसह उत्तरेकडे निघाले, आणि त्याच धामधुमीत आनंदीबाईंनाही दिवस गेले. पुढे दादांनी त्यांना धारच्या किल्ल्यात खंडेराव पवारांच्या आश्रयास ठेवले. तेथे १० जानेवारी १७७५ रोजी दुसरे बाजीराव जन्मास आले. किल्ल्यातील खरबुजा महाल हेच ते जन्मस्थान, असे आजही सांगतात. महिन्यांचा हिशेब मांडला तर असे दिसते की आनंदीबाईंच्या गरोदरपणाचे पहिले महिने तळावरून तळावर जाण्यातच गेले असले पाहिजेत. मराठी राज्याचे भवितव्य त्या वर्षभरात दोन किल्ल्यांतील दोन गर्भवतींच्या पोटी वाढत होते, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होणार नाही.

दुसरी कथा त्याच धारची, मैनाबाई पवारांची. काही ग्रंथांत त्यांचे नाव मीनाबाई असे येते. १८०७ मध्ये पती आनंदराव वारले तेव्हा त्या गरोदर होत्या. गादीवर हक्क सांगणारा मुरारीराव जवळच होता. त्याचे भय ओळखून त्या मांडूच्या किल्ल्यावर गेल्या आणि तेथे प्रसूत झाल्या. पुढे तान्ह्या मुलासह त्यांनी धारचे राज्य राखले. मांडू धारपासून सुमारे पस्तीस किलोमीटर, आणि वाट डोंगराची.

तिसरी कथा राजवाड्यातील नव्हे, हमरस्त्यावरील आहे आणि ती कालपरवाची आहे. मुंबई-आग्रा मार्ग नाशिक, धुळे करीत बिजासन घाटाने मध्य प्रदेशात शिरतो, खलघाटजवळ नर्मदा ओलांडून धार जिल्ह्यातून जातो आणि इंदूरनंतर देवासला पोहोचतो. २०२० च्या टाळेबंदीत या रस्त्यावर पायी घरी परतणाऱ्या मजुरांची रीघ लागली होती. त्यांत नाशिकहून सतना जिल्ह्याकडे निघालेली नऊ महिन्यांची एक गर्भवती होती. सुमारे सत्तर किलोमीटर चालल्यावर ५ मे रोजी रस्त्याच्या कडेला ती बाळंत झाली, दोन तास विसावली, आणि बाळाला छातीशी धरून पुन्हा चालू लागली. सीमेवरील बिजासन नाक्यावर पोलिसांनी तिची विचारपूस केली, तोवर तिने आणखी सुमारे दीडशे किलोमीटर तुडविले होते, असे त्या वेळच्या वृत्तांत आहे. पुढे तिच्यासाठी वाहनाची व्यवस्था झाली.

या कथा ऐकून कोणी म्हणेल, ‘पाहा, आपल्या बायका किती काटक! त्यांना कसली काळजी करायची?’ असे म्हणणे आम्हांला अन्यायाचे वाटते. त्या स्त्रिया निभावल्या हे खरे; परंतु निभावणे वेगळे आणि मानवणे वेगळे. वाटेत ज्या निभावल्या नाहीत, त्यांच्या कथा कोणी लिहून ठेवलेल्या नाहीत. आणि वाड्यात, शहरात, सुशिक्षित घरात असले म्हणजे धोका टळतो असेही नाही. गायक कुमार गंधर्व क्षयाने आजारी होऊन १९४८ मध्ये देवासला राहावयास आले, तेव्हा त्यांची शुश्रूषा करून त्यांना पुन्हा उभे करणारी त्यांची पत्नी भानुमती १९६१ मध्ये दुसऱ्या मुलाच्या बाळंतपणात वारली.

मग गर्भवतीने हालचाल करावी की करू नये? प्राचीन वैद्यकाचा कल विश्रांतीकडे होता. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात गर्भवतीने टाळावयाच्या गोष्टी सांगितल्या आहेत. त्यांत व्यायाम, वाहनावर बसणे, रात्रीचे जागरण, दिवसाची झोप, शोक, भय, इतकेच काय उकिडवे बसणेही आहे. आपल्या खेड्यातील अर्धे घरकाम उकिडवे बसूनच होते, हे त्या आचार्यांच्या ध्यानी आले नसावे. (आपल्या कल्याणच्या आनंदीबाई जोशी यांनी १८८६ मध्ये अमेरिकेत वैद्यकाची पदवी घेतली, तेव्हा प्राचीन हिंदूंचे प्रसूतिशास्त्र हाच आपल्या प्रबंधाचा विषय निवडला होता. चौदाव्या वर्षी झालेले मूल दहा दिवसांत दगावले, या दुःखातून ती मुलगी डॉक्टर झाली, हे सर्वांना ठाऊकच आहे.)

पाश्चात्त्य डॉक्टरही पुष्कळ काळ साशंकच होते. १९८५ मध्ये अमेरिकेतील प्रसूतितज्ज्ञांच्या संस्थेने असा नियम घातला की गर्भवतीच्या नाडीचे ठोके मिनिटाला १४० च्या वर जाऊ नयेत आणि जोराचा व्यायाम पंधरा मिनिटांहून अधिक करू नये. १९९४ मध्ये तो नियम त्या संस्थेनेच मागे घेतला, कारण निरोगी स्त्रियांच्या बाबतीत त्याला पुरेसा आधार सापडला नाही. २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने स्पष्टपणे सांगितले की, ज्या गर्भवतीला वैद्यकीय अडचण नाही, तिने आठवड्यातून निदान १५० मिनिटे मध्यम प्रतीची हालचाल करावी. म्हणजे आठवड्यातील पाच दिवस अर्धा अर्धा तास भराभर चालणे. ज्या स्त्रीला पूर्वीपासून धावण्याची किंवा जोराच्या व्यायामाची सवय आहे, ती तो पुढेही चालू ठेवू शकते.

यामागील कारण शरीराच्या घडणीतच आहे. गरोदरपणात स्त्रीच्या अंगातील रक्त जवळजवळ दीडपट होते. हृदयाला दर मिनिटाला पूर्वीपेक्षा पुष्कळ अधिक रक्त ढकलावे लागते. म्हणून स्वस्थ बसली असतानाही तिची नाडी जलद चालते आणि जिना चढताना दम लवकर लागतो. बाळाकडे वारेतून अन्न आणि प्राणवायू जात असतो. आईचे स्नायू बेताने राबत असले तर त्या पुरवठ्यात खंड पडत नाही. उलट, नियमित चालणाऱ्या स्त्रीच्या रक्तातील साखर काबूत राहते, गरोदरपणातील मधुमेह व रक्तदाब यांचा संभव कमी होतो, वजन अवास्तव वाढत नाही, आणि पोट फाडून बाळंतपण करण्याची वेळही काही अंशी कमी येते. ‘हिंडतीफिरती बाई लवकर मोकळी होते’ या आजीबाईंच्या म्हणण्यात इतका तथ्यांश आहे. अर्थात ही हमी नव्हे. चांगली हिंडतीफिरती बाईसुद्धा अडू शकते, आणि अडली तर तो तिच्या आळसाचा पुरावा नव्हे. हे बाळंतिणीच्या खाटेभोवती जमणाऱ्या मंडळींनी कृपा करून लक्षात ठेवावे.

धावण्याविषयी थोडे सांगितले पाहिजे. इंग्लंडची धावपटू पॉला रॅडक्लिफ हिने गरोदरपणातही सराव चालू ठेवला, जानेवारी २००७ मध्ये मुलीला जन्म दिला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये न्यूयॉर्कची मॅरेथॉन जिंकली. अमेरिकेच्या अलिसिया मोन्टानो हिने २०१४ मध्ये चौतिसाव्या आठवड्यात आठशे मीटरच्या शर्यतीत भाग घेतला. ती शेवटी आली आणि प्रेक्षकांनी उभे राहून टाळ्या वाजविल्या. आपल्याकडे डिसेंबर २०२० मध्ये बंगळूर येथे पाच महिन्यांच्या एका गर्भवतीने दहा किलोमीटरची दौड सुमारे बासष्ट मिनिटांत पुरी केली. ही उदाहरणे वाचून कोणी उद्या पहाटे पदर खोचून धावू लागू नये. या तिघीही पूर्वीपासून नित्य धावणाऱ्या होत्या. ज्या मुलीने शाळा सुटल्यापासून धावणे सोडले, तिने ते गरोदरपणात नव्याने आरंभू नये. तिच्यासाठी चालणे हाच उत्तम व्यायाम. जी आधीपासून धावते, तिनेही महिन्यामहिन्याने वेग उतरवीत जावे. पोट पुढे आले की तोल बदलतो आणि सांध्यांचे बंध सैल पडतात, त्यामुळे ठेचकाळून पडण्याचा संभव वाढतो. खडकाळ पायवाट, शेताचा बांध, पावसाळ्यातील शेवाळलेली पायरी ही तिची जागा नव्हे.

किती श्रम पुरे, हे ओळखण्याची एक साधी खूण आहे. चालताना शेजारणीशी सलग बोलता येत असेल तर ठीक. बोलताना वाक्य तुटू लागले, मध्येच श्वास घ्यावा लागला, तर पाऊल हळू करावे. घड्याळ नको, नाडी मोजणे नको.

येथवर जे सांगितले ते बसून राहणाऱ्या स्त्रीसाठी. आता दुसरी बाजू, आणि आमच्या मते हीच अधिक मोठी. खेड्यातील गर्भवतीला व्यायाम कमी पडतो असे फारसे घडत नाही. तिला अन्न कमी पडते आणि विसावा कमी पडतो. १९९३ मध्ये पुण्याजवळील सहा खेड्यांत गर्भवतींची एक मोठी पाहणी सुरू झाली. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी यांनी ती चालविली. त्या स्त्रियांचे गरोदरपणापूर्वीचे सरासरी वजन जेमतेम बेचाळीस किलोच्या आसपास होते. सुमारे आठशे जणींच्या कामाची नोंद घेण्यात आली: शेतकाम किती, धुणे किती, विहिरीचे पाणी किती. २००३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला. ज्या स्त्रियांच्या अंगावर कामाचा भार अधिक होता, त्यांची बाळे सरासरीने लहान जन्मली. याच पाहणीतून दुसरी एक गोष्ट कळली, ती प्रत्येक स्वयंपाकघराने ऐकावी: ज्या माता हिरव्या पालेभाज्या आणि फळे वरचेवर खात, त्यांची बाळे अधिक भरलेली होती.

तेव्हा चालणे हितकारक, आणि तरीही श्रम बाधक. यात विरोध नाही. पोटभर जेवलेल्या स्त्रीने हलक्या अंगाने अर्धा तास फिरणे ही एक गोष्ट. अर्धपोटी स्त्रीने दुपारच्या उन्हात वाकून सोयाबीन कापणे, कापूस वेचणे किंवा डोईवर दोन हंडे घेऊन चढण चढणे ही अगदी दुसरी गोष्ट. पहिलीत शरीर कमावते, दुसरीत ते बाळाच्या वाटणीतून खर्च करते. ‘तिला व्यायाम होतोच की, सगळे पाणी तीच भरते’ असे म्हणणाऱ्या पतिराजांनी हा भेद नीट समजून घ्यावा. सहाव्या महिन्यानंतर घरातील पाणी, लाकूडफाटा आणि दळणाची पोती हे पुरुषाचे काम. त्यात मान कमी होत नाही, आणि झाला तरी तो फार मोठा मान नव्हता.

धार जिल्ह्यात हा प्रश्न विशेष तीव्र आहे. २०११ च्या जनगणनेप्रमाणे तेथील निम्म्याहून अधिक लोक आदिवासी आहेत, मुख्यतः भिल्ल आणि भिलाला. हंगाम संपला की पुष्कळ कुटुंबे मजुरीसाठी गुजरातकडे जातात आणि त्यांत गर्भवतीही असतात. त्यांचे पोषण, तपासणी, गोळ्या, सर्व काही वाटेत तुटते. त्यात रक्तक्षयाची भर. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत मध्य प्रदेशातील गर्भवतींपैकी सुमारे ५३ टक्के स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळले. महाराष्ट्रातील प्रमाणही ४५ टक्क्यांवर होते, म्हणून आपण त्यांच्याकडे बोट दाखविण्याचे कारण नाही. पश्चिम मध्य प्रदेशातील आदिवासींत, आणि आपल्याकडील डोंगरपट्ट्यांतही, सिकलसेल नावाचा आनुवंशिक रक्तविकार आढळतो. त्यात रक्तपेशी विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. अशा स्त्रीने अतिश्रम, तहान आणि ऊन ही तिन्ही कटाक्षाने टाळावी आणि तिचे बाळंतपण रुग्णालयातच व्हावे. १७ सप्टेंबर २०२५ रोजी धार जिल्ह्यातील भैंसोला येथून ‘स्वस्थ नारी, सशक्त परिवार’ या देशव्यापी आरोग्य-अभियानाचा आरंभ झाला. त्यासाठी धारची निवड झाली, हे आम्हांला उचितच वाटते.

गरोदरपणात रक्तातील हिमोग्लोबिन अकराच्या खाली गेले तर रक्तक्षय समजावा. सातच्या खाली गेले तर तो गंभीर. अशा स्त्रीला चालण्याचा आग्रह करणे म्हणजे रिकाम्या बैलाला आसूड मारणे होय. आधी रक्त वाढवावे, मग पाऊल. लोहाच्या गोळ्या नेमाने घ्याव्यात, आणि चहाबरोबर घेऊ नयेत, कारण चहा लोह अंगी लागू देत नाही. लिंबू किंवा आवळा बरोबर असावा. आपल्या काही घरांत अजून असा समज आहे की गर्भवतीने कमी खावे, म्हणजे मूल लहान राहून सुटका सोपी होते. हा समज घातक आहे. अशक्त आई आणि अशक्त मूल यांची सुटका कधीच सोपी नसते.

आणखीही काही अवस्था अशा आहेत की ज्यांत व्यायाम करू नये: वार गर्भाशयाच्या तोंडावर खाली असणे, रक्तस्राव होणे, पाणमोट फुटणे, रक्तदाब चढून पायांबरोबर तोंडावर नि हातांवर सूज येणे, हृदयाचा जुना विकार, पूर्वी दिवस भरण्याआधी बाळंतपण झालेले असणे किंवा गर्भाशयाचे तोंड सैल असणे. या गोष्टी बाहेरून दिसत नाहीत. तपासल्यावाचून कळत नाहीत. तसेच चालताना अंगावरून रक्त वा पाणी जाऊ लागले, पोटात कळा येऊ लागल्या, भोवळ आली, छातीत दुखू लागले, डोके ठणकून दृष्टी अंधुक झाली, किंवा एकाच पोटरीत दुखून सूज आली, तर ‘घरी जाऊन पाहू’ असे म्हणू नये. तेथेच बसावे आणि वाहन बोलवावे. पोटातील बाळाची हालचाल मंदावली तरीही तसेच.

चालण्याची वेळ सकाळची, ऊन चढण्यापूर्वीची. पहिल्या तीन महिन्यांत अंग फार तापू देणे बाळाच्या घडणीस चांगले नाही, म्हणून वैशाखातील दुपार वर्ज्य. पाण्याचा तांब्या बरोबर असावा, पायांत घट्ट बसणारी चप्पल असावी, आणि शक्य तर सोबत असावी. चौथ्या महिन्यानंतर फार वेळ उताणे निजू नये, कारण गर्भाशयाच्या भाराने मोठी नीला दबते आणि घेरी येते. कुशीवर निजावे, डाव्या कुशीवर निजल्यास अधिक बरे. मारियामाता एलिझाबेथच्या भेटीस डोंगराळ प्रदेशात घाईने गेली, तेव्हा तिचे पहिलेच दिवस होते. चित्रकारांनी तिच्यासाठी गाढव काढले आहे, शुभवर्तमानात मात्र गाढवाचा उल्लेख नाही. एलिझाबेथला तेव्हा सहावा महिना होता आणि मारियामाता तिच्याजवळ सुमारे तीन महिने राहिली. सहाव्यापासून नवव्यापर्यंत घरात दोन जास्तीचे हात असणे, हे त्या वेळीही लोकांना कळत होते.

प्रत्येक महिन्याच्या नऊ तारखेस सरकारी आरोग्यकेंद्रात गर्भवतींची डॉक्टरांकडून विनामूल्य तपासणी होते. २०१६ पासून ही योजना चालू आहे. त्या दिवशी सूनबाईंबरोबर घरातील एकाने तरी जावे आणि तीन गोष्टी विचारून कागदावर लिहून आणाव्यात: रक्त किती आहे, रक्तदाब किती आहे, आणि वार कोठे आहे. ही तीन उत्तरे हाती आली की मग तिने किती चालावे, धावावे की नाही, आणि हंडा कोणी उचलावा, हे घरी बसून ठरविता येईल.